रॉड जाणार कुठून?

चाकणच्या त्या शेडची ड्रॉइंग मी चिंचवडच्या ऑफिसात बसून केली होती. गणितं दोनदा तपासली होती. साइटवर मात्र पहिल्यांदाच जात होतो.

तिथला वेल्डर पन्नाशीचा होता, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. नाव विचारायचं राहूनच गेलं. लोखंडी खांबापाशी उकिडवा बसून तो दोन पट्ट्यांमधल्या फटीत पुन्हा पुन्हा हात घालून बघत होता. हात मनगटाच्या आधीच अडकत होता.

"साहेब, आत वेल्डिंग दाखवलंय तुम्ही. पण रॉड जाणार कुठून?"

मी ड्रॉइंग उघडलं. कागदावर जागा भरपूर दिसत होती.

"मग आता?"

"पट्टी सरकवा. मी नुसतं वरून लिंपून दिलं असतं ना, तर तुम्हाला कळलं बी नसतं."

हे तो हसून बोलला नाही.

मी तिथंच गणित पुन्हा केलं आणि ड्रॉइंगवर पट्टी सरकवली. हल्ली प्रत्येक सांधा कागदावर काढताना आधी माझा हात आत जाईल का, ते बघतो.

पण त्याआधी मी आणखी तीन शेडची ड्रॉइंग दिली होती. तिथून मला कुणीच काही विचारलं नव्हतं.