मिओ कारो अमीको

माझ्या मुलीची सोयरीक मी स्वतः मुळशीला जाऊन जुळवली, आणि ती जुळवायला मी गेलोच नव्हतो.

आम्ही घोटावड्याचे. आमची प्रणाली जवळच्या एका इटालियन कारखान्यात इंजिनियर आहे. तिला इटलीला पाठवायचं ठरलं, म्हणून ती इटालियन शिकू लागली. संध्याकाळी गच्चीवर जाऊन फोनवर बोलायची. बायकोने जिन्यातून कान दिला आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने खाली आली.

"अवं, पोरगी मांजरावानी करतीया. मिओ, मिओ. आन् मधीच म्हन्ती, अमीको."

मग मीही जिन्यात बसलो. (कपडे काढायच्या निमित्ताने. दोरी रिकामी होती.) स्पष्ट ऐकू आलं, "मिओ कारो अमीको."

"अमीको म्हंजी अमित," बायको कुजबुजली. "लाडानं."

"आणि कारो?"

"कार हाय की त्याला. पांढरी."

मुळशीचा अमित, प्रणालीच्या शाळेतला. एकदा पावसात त्याने तिला घरापर्यंत सोडलं होतं. बस्स, मला आणखी पुरावा नको होता. मुलीला विचारायचं सोडून मी गाडीला किक मारली आणि थेट अमितच्या वडिलांच्या, दामूअण्णांच्या दारात उभा राहिलो.

"तुमचा अमित आणि आमची प्रणाली, यांचं जे चाललंय त्याचा आज सोक्षमोक्ष लावायचाय," मी म्हणालो.

अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग चेहरा उजळला. "आरं, मग लावून टाकू की. आमालाबी सूनच बघायचीय. बसा, पोहं टाकायला सांगतो."

पोहे चांगले होते. दुसरी बशी खाल्ल्यावर भांडायला तोंड राहिलं नाही. रविवारी मुलगी बघायला येतो म्हणाले, मी "या" म्हणालो.

घरी प्रणालीला सांगितलं, तर ती पायरीवरच बसली.

"बाबा, अमीको म्हणजे मित्र. कारो म्हणजे प्रिय. मिओ म्हणजे माझा. मैत्रीण असली की मीआ कारा अमीका. मित्रांबद्दल बोलायचा धडा चालू आहे, मी क्लासमधल्या शुभांगीबरोबर फोनवर सराव करते."

"पन मित्र तर हायच की," बायको म्हणाली.

"आई, तो पुस्तकातला आहे. मार्को."

"त्याचं आडनाव काय?" बायकोने विचारलं.

रविवारी मंडळी आली. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. प्रणालीने रागाने का होईना, पण चहा आणला. अमित बिचारा सरळ मुलगा. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, आम्ही तर शाळेनंतर एकदाच भेटलो. तुम्हाला सोक्षमोक्ष कशाचा लावायचा होता?"

मी खोकलो, पाणी प्यायलो, पंखा वाढवला. शेवटी प्रणालीनेच सगळं सांगितलं, जिन्यासकट. अमित इतका हसला की चहा शर्टावर सांडला. प्रणालीही हसली. मला तर वाटलं, आता खरंच जमतंय. फक्त अण्णा एकटक माझ्याकडेच बघत होते.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"पोरगी लाखात एक हाय," अण्णा म्हणाले. "आमचं पोरगंबी राजी हाय, तवा सोयरीक पक्की. पन पाव्हनं, राग मानू नगा, मुलीच्या बापाची चौकशी आमी आदी करायला पायजे व्हती."