सिलिंडरला दसऱ्याचं तेल

चंद्रपूरला असताना मी एका लहान विमानातून जंगलाचे फोटो काढायचो. पाऊस सरून आभाळ स्वच्छ झालं की आमचा हंगाम सुरू. गडचिरोलीवर इतक्या उंच जावं लागे की विरळ हवेत डोकं जड व्हायचं, आणि विमानात प्राणवायूची सोय नव्हती. ती मी आणि पायलटनेच जुळवली. दवाखान्यातला छोटा सिलिंडर, रबरी नळ्या, दोन मास्क आणि शिंप्याकडून शिवून घेतलेली ताडपत्रीची पिशवी. धावपट्टीवर कुलपाची खोली नव्हती, म्हणून पिशवी माझ्या घरी असायची.

दसऱ्याला आईने विळा, कुऱ्हाड, भाजी चिरायची पावशी पुसून, तेल लावून पुजली. संध्याकाळी पाहतो तर सिलिंडरलाही हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल.

"माय, हे का हत्यार हाय?"

"तुह्या पोटाचं साधन हाय ना? मंग त्याले काऊन वगळू?"

मी हसून फूल तेवढं काढलं.

सकाळी धावपट्टीवर सिलिंडरच्या तोंडावर रेग्युलेटर बसवताना माझी बोटं सटकली. वास घेतला. मोहाचं तेल! मी झटकन हात मागे घेतला. दाबाखालच्या प्राणवायूला तेल लागलं की भडका उडतो, आणि मी सिलिंडरची चावी फिरवणारच होतो.

"आजचे फोटो गेले चुलीत," पायलट म्हणाला.

मी मुळातच तापट. घरी येऊन आईवर ओरडलो, "कोनं सांगतलं होतं त्याले तेल लावाले?"

"चावी करकर करत होती बाबा. वर आभाळात अडकली असती तर तुले हवा कोनं देल्ली असती?"

माझा राग तिथेच ओसरला. तेलाने काय झालं असतं ते सांगितलं, तशी ती भिंतीला टेकली. "म्हंजे मीच तुले..." मी तिचा हात धरला. दोघंही धडधाकट घरात बसलो होतो. इतकं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

सिलिंडर बदलला. नव्याला आईने लांबूनच हात जोडले.

परतताना आमचं विमान घरावरून जायचं. उडायच्या दिवशी तो आवाज कानावर येईपर्यंत ती तेलाच्या बाटलीला शिवत नसे. मी दारात पोचायचो तेव्हा आत नुकती फोडणी तडतडत असायची.