अप्पांच्या मानेतली रेघ

अप्पांचा डावा हात अधूनमधून मरायचा आणि घटकाभरात पुन्हा जिवंत व्हायचा. डावा हात मेंदूच्या उजव्या बाजूवर चालतो; तिकडे जाणारी मानेतली उजवी रक्तवाहिनी नुसती अरुंद झाली असेल तर उघडता येईल, पुरती बंद असेल तर काही इलाज नाही, असं डॉक्टरांनी माझ्या या म्हाताऱ्या वडिलांना तोंडावरच सांगितलं. किडन्या अधू, म्हणून वाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात यासाठीचा डाय टोचायची सोय नव्हती. नांदेडच्या एका एमआरआय सेंटरात डायशिवाय वाहतं रक्त दाखवणारी नवी पद्धत आली होती. चाकूरहून मी त्यांना तिथे घेऊन गेले.

आम्ही लिंगायत. अडलं ते गळ्यातल्या इष्टलिंगावर. चांदीची डबी बाहेर ठेवायला अप्पा तयार झाले, आतलं लिंग नाही.

"जित्यापणी अंगावेगळं करत न्हाईत, बाई. मेल्यावर बी डाव्या हातात घेऊनच मातीत जायचं असतंय."

टेक्निशियन भला माणूस. त्याने तो दगड तपासला आणि कापडात गुंडाळून अप्पांच्या डाव्या मुठीत दिला. "फक्त हलू नका," म्हणाला. पण मशीन धाडधाड वाजायला लागलं, अप्पा घाबरले, आणि रोज पूजेला बघतात तसं तळहातावरचं लिंग बघायला त्यांनी मान उचलली. चित्र पुसट आलं.

त्या पुसट चित्रात उजव्या वाहिनीच्या जागी मला एक बारीक रेघ दिसली. वाहिनी उघडी आहे, असं मी ठरवूनच टाकलं. बुडत्याला काडीचा आधार. तेवढ्यावरच घरी जावं असं वाटत होतं.

चित्र पुन्हा काढायचं ठरलं, तेव्हा अप्पांनी स्वतःहून लिंग माझ्या हातावर ठेवलं.

"धर. आता न्हाई हलत."

खरंच हलले नाहीत. चित्र इतकं स्वच्छ आलं की टेक्निशियनने कौतुकाने डॉक्टरांना बोलावलं. डावी वाहिनी पांढरीशुभ्र वर चढत होती. उजवी मानेच्या मध्यावर संपली होती, पुढे नुसतं काळं. माझी रेघ कुठेच नव्हती. त्या मशीनचा मला संताप आला. इतकं चांगलं दाखवायची काय गरज होती?

बाहेर अप्पा बाकावर बसले होते.

"काय दिसलं?"

"चित्र लई छान आलंय, अप्पा."

"बरं झालं. दे."

त्यांनी डावा तळहात पुढे केला. मी लिंग ठेवलं. बोटं मिटली नाहीत. अप्पा त्या बोटांकडे बघत राहिले. मग मीच ती एकेक करून मिटवली.