मास्तरांचा नवा आवाज

शनिवारी संध्याकाळी ताई दुकानातून परतली आणि जिना चढून वर आली, तर दाराबाहेरच तिला ताटावर चमचा बडवल्याचा आवाज ऐकू आला. झालं, काहीतरी बिघडलं, ती मनात म्हणाली. दिवसभर कपडे दुरुस्तीच्या दुकानात पॅन्टचे पाय आखूड करून आणि कोटांची अस्तरं बदलून तिची मान आखडली होती. चपला काढून जरा पाठ टेकावी, एवढीच तिची इच्छा होती. पण ताट काही थांबेना.

आत नवरा टेबलाशी बसला होता. एका हातात चमचा, दुसरा हात लॅपटॉपवर, आणि चेहरा असा की लॅपटॉपने चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला असावा.

"काय केलंत?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, आणि मग दोन्ही हात झटकले.

हे गृहस्थ म्हणजे मास्तर. उभी हयात लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात गेली. "ब्रेक! ब्रेक म्हणतोय ना मी!" ही त्यांची आरोळी चौकापर्यंत ऐकू जायची. गेल्या वर्षी घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, आणि मास्तर आता गळ्यावरच्या भोकातून श्वास घेत. भोकावर ताईने शिवलेला मऊ सुती रुमाल बांधलेला असे.

आवाज गेल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने आपला जुना लॅपटॉप पाठवला होता. यंत्र म्हातारं, म्हणून त्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं. हलकं असतं, जुन्या यंत्राला झेपतं, असं तो म्हणाला. त्यात मराठीत लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची सोय होती. मास्तर एका बोटाने टाइप करत, बटण दाबत, आणि यंत्र घोगऱ्या पुरुषी आवाजात बोलत असे. गंमत म्हणजे स्वतःचा गळा शाबूत होता तेव्हा मास्तर घरात मोजकंच बोलत. सगळी बडबड गाडीतच संपायची. यंत्र मिळालं आणि ते पार तोंडाळ झाले. आमटीत मीठ कमी आहे, शेजारी गाडी वाकडी लावतो, तू कालपासून तेच गाणं गुणगुणतेस, सगळं सगळं ते यंत्राकडून वदवून घेत.

तर त्या दुपारी पडद्यावर अपग्रेडची सूचना आली होती. ती आठवडाभर येत होती आणि मास्तर वैतागले होते. शेवटी त्यांनी 'हो' म्हणून टाकलं. यंत्र बराच वेळ घरघरलं, दोनदा बंद होऊन चालू झालं, आणि उठलं ते मुकं होऊन. वायफायही गेलं.

ताईला यंत्रातलं काही कळत होतं असं नाही. पण मास्तर चिडले की बटणांवर बुक्की मारत, त्यामुळे गेल्या वर्षभरात यंत्राची देखभाल आपसूक तिच्याकडे आली होती. तिने आवाजाच्या सेटिंग उघडल्या. एरवी तिथे स्पीकरचं नाव असे. आता 'डमी आउटपुट', म्हणजे नुसता नावापुरता स्पीकर, एवढंच लिहिलेलं होतं. तिने आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. यंत्र बंद करून चालू केलं. वायफायच्या जागी तर चिन्हच नव्हतं. शेवटी तिने दिराला फोन लावला.

"भाऊजी, तुमच्या दादांनी अपग्रेड केलंय. वाचा बसली यंत्राची."

"वहिनी, दाबायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"मला नका ओरडू. मी दुकानात होते."

दीर बाहेरगावी, कंपनीच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला. त्याने सांगितलं म्हणून ताईने फोन वायरने लॅपटॉपला जोडला. त्या वायरवाटे इंटरनेट मिळालं, एवढं तरी जमलं. मग यंत्राला लेखी हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत तो सांगेल ती इंग्रजी अक्षरं एकेक करून मारली. एक अक्षर चुकलं की सगळं पहिल्यापासून. यंत्र दर वेळी काहीतरी लांबलचक उत्तर देई आणि आवाज मात्र देत नसे. शेवटी दीर म्हणाला, "उद्या संध्याकाळी बघू, वहिनी. मला आता मीटिंगला बसायचंय."

ताईने मान चोळत यंत्र मिटलं. मास्तरांनी ताटावर दोन ठोके दिले. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्यांना आत्ता हवं होतं.

"आत्ता नाही. माझ्यात जीव नाही उरलेला."

ते गप्प बसले. म्हणजे होतेच गप्प. घरात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. ताईने वरणभात गॅसवर ठेवला, खिडकीशी स्टूल ओढलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. कोणी काही सांगत नव्हतं, विचारत नव्हतं, मिठावरून बोलत नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदाच तिचे कान मोकळे होते. मग तिने मागे वळून पाहिलं. मास्तर मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून भिंतीकडे बघत होते. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला.

रविवारी मात्र गप्प बसून भागणार नव्हतं. मास्तरांची थोरली बहीण, अक्का, दर रविवारी दुपारी फोनची वाट बघत असे. अक्का लांब, मुलाकडे राहत. नजर जवळजवळ गेलेली, त्यामुळे त्यांना लिहून पाठवण्यात अर्थ नव्हता. मास्तर फोन लॅपटॉपच्या स्पीकरपाशी ठेवत आणि यंत्रातून बहिणीशी भांडत. त्या दुपारी ताईने फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं.

मग अक्का म्हणाल्या, "खरं सांग. तो आहे ना?"

"अहो अक्का, असं काय बोलता? हे काय, इथेच बसलेत."

"मग बोलत का नाही?"

"यंत्र बिघडलंय म्हणाले ना मी."

"माणूस गेला की लोक असंच सांगतात. यंत्र बिघडलंय, झोपलाय, नंतर करतो. मी काय कुकुलं बाळ आहे?"

मास्तरांनी तडक उठून ताट बडवलं. जोरात, चिडून.

"हे ऐका. हेच ते वाजवतायत."

"ताट कोणीही वाजवेल," अक्का म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "तूही वाजवशील."

फोन बंद झाला. मास्तर चमचा हातात धरून उभेच. त्यांच्या रुमालाखालून शिट्टीसारखा श्वास येत होता. रडू आलं की तसाच येई. ताई उठली आणि लॅपटॉप पुन्हा उघडला. दिराने संध्याकाळी म्हटलं होतं. तिने दुपारीच फोन लावला.

"भाऊजी, मीटिंग असली तरी सोडा. अक्का समजतात की तुमचे दादा गेले."

दिराचा सूर बदलला. "वहिनी, ऐका. यंत्र चालू करा आणि चालू होताना एस्केपचं बटण दाबत राहा. काळ्या पडद्यावर एक यादी येईल."

पहिल्यांदा नुसतंच चालू झालं. दुसऱ्यांदा यादी आली.

"दुसऱ्या ओळीवर जा. आत आणखी ओळी दिसतील. अपग्रेडने नवा गाभा, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, घातलाय, त्याला तुमचं जुनं स्पीकरचं कार्ड ओळखू येत नसावं. पण आधीचा गाभा यंत्रात तसाच असतो. आकडे बघा आणि सगळ्यात लहान आकड्याची ओळ निवडा."

ताईने चष्मा वर सरकवला, आकडे मोठ्याने वाचले, ओळ निवडली. यंत्र सावकाश उठलं. तिने आवाजाच्या सेटिंग उघडल्या. 'डमी' नव्हतं. स्पीकर होता.

"दिसतोय, भाऊजी!"

"वायफायचं नंतर बघू. सध्या वायरवर चालवा. आणि दादाला सांगा, आता कशालाही 'हो' म्हणायचं नाही."

मास्तरांनी तिला बाजूला सारून खुर्ची घेतली. एका बोटाने टाइप केलं, बटण दाबलं. लॅपटॉपमधून एका तरुण बाईचा चुरचुरीत, बस चुकेल म्हणून घाईघाईत बोलल्यासारखा आवाज आला, "अक्काला फोन लाव."

दोघंही दचकली. मास्तरांनी पुन्हा टाइप केलं. "ही कोण?" बाईने विचारलं. अपग्रेडमध्ये जुना आवाज गेला होता आणि त्याच्या जागी हा येऊन बसला होता. मास्तरांनी दोन ठोके दिले, मग आणखी दोन.

"नाही म्हणून कसं चालेल? आहे त्यातच बोला. अक्कांच्या जिवाला तिकडे घोर लागलाय."

फोन लागला. अक्कांच्या सुनेने उचलला आणि त्यांच्या कानाला लावला. बाईने सांगितलं, "अक्के, मी आहे."

"कोण गं तू?" अक्का म्हणाल्या. "नर्स का?"

ताईने काही बोलायला तोंड उघडलं, पण मास्तरांनी हात वर करून तिला थांबवलं आणि टाइप करत राहिले. बराच वेळ. पलीकडे अक्का 'हॅलो, हॅलो' करत होत्या. मग बाई एका दमात बोलली, "तुला गाडी शिकवताना तू भाजीवाल्याच्या हातगाडीत घातलीस. घरी येऊन सगळ्यांना म्हणालीस की हातगाडी मध्ये आली. वांगी मी वेचली होती."

पलीकडून एक हुंदका, आणि लगेच, "मध्येच आली होती! अजून तेच घेऊन बसलायस, मेल्या!"

मास्तर हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. ताई स्टुलावर बसली आणि भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले. भावाबहिणींची जुंपली होती. बाईच्या आवाजात मास्तर अक्कांना गाढव म्हणत होते आणि अक्का खुशीत रडत होत्या.

फोन संपल्यावर ताईने वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या सेटिंग शोधून काढल्या. पुरुषी आवाज होता, पण तो आधीचा नव्हता. एक पट्टी वेगाची, एक स्वराच्या उंचीची. तिने उंची खाली आणली, वेग कमी केला, आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं. मास्तर दर वेळी मान हलवत, नाही.

मग त्यांनी टाइप केलं, "माझा खरा कसा होता?"

ती आरोळी ताईला आठवत होती, ब्रेक ब्रेक करणारी. पण घरातला, रात्री दिवा मालवताना हळू बोलणारा आवाज? तिने तो डोक्यात शोधला. यंत्राचाच घोगरा आवाज पुढे येत होता.

"जाड होता," ती अखेर म्हणाली. "थोडा नाकातून यायचा. नीट नाही आठवत हो मला."

तिला वाटलं, ते दुखावले जातील. त्यांनी थोडा विचार केला आणि टाइप केलं, "मलाही नाही."

मग ताईने पट्टी आणखी किंचित खाली ओढली, जिथे आवाज जाड वाटत होता पण खरखरत नव्हता, आणि म्हणाली, "हाच ठेवते. चालेल?"

मास्तरांनी ताटाकडे हात नेला, पण वाजवलं नाही. मान डोलावली.

सोमवारी ती दुकानात गेली तेव्हा मान तशीच आखडलेली होती. वायफाय दिराने पुढच्या आठवड्यात फोनवरून बसवलं, आणि पुन्हा यादी शोधावी लागू नये म्हणून यंत्र आपोआप जुन्याच गाभ्यावर सुरू होईल अशी तजवीज केली. अपग्रेडची सूचना पुन्हा येऊ लागली. मास्तर ती रोज मिटवतात, आणि मिटवली की यंत्राकडून ताईला तसं कळवतात. ती तुरपाई घालता घालता, मान वर न करता म्हणते, "हो, ऐकलं."