हाकलबाई आणि माझी तांबी

हाकलबाईंच्या दवाखान्यातली पहिली पाच मिनिटं माणसं बाहेर काढण्यात जात. नवरा, सासू, जाऊ, रिपोर्टांची थैली छातीशी धरलेला दीर, सगळे बाहेर. "चला जी, व्हा बाहेर. पोट हिचं आहे, तुमचं नाही." डॉक्टरीणबाईंचं खरं नाव पाटीवर होतं, पण लकडगंजात ते कुणी घेत नसे.

माणसांबद्दल त्यांचं मत वाईटच होतं. नवरे मुके बरे, सासवा बहिऱ्या बऱ्या. मोठ्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांबद्दल म्हणायच्या, "मशीन पाहते, हे सह्या करतात."

आणि त्या वेळचं माझं ध्यान या तिरस्काराला अगदी लायक होतं. दुसऱ्या मुलीनंतर मी माहेरी जाऊन गुपचूप तांबी बसवून घेतली आणि परत येऊन सासूबाईंबरोबर नातवासाठी सोळा सोमवार धरले! देवाला इतकं उघड फसवून वर उपासानं डोकं दुखतं म्हणून दुपारी लोळायची. तांबी कधीतरी काढायची असते, हे तर विसरूनच गेले. अकरा वर्षं.

मग पोटात गाठ आली. बारीक ताप, ब्लाऊज सैल. सुईनं काढलेल्या तुकड्यात काही सापडलं नाही, तरी मोठ्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून कॅन्सर धरला. आतडं कापावं लागेल, कदाचित पोटावर पिशवी बसवावी लागेल, म्हणाले. सोमवारची तारीख दिली. शुक्रवारी शेजारणीनं बळेच हाकलबाईंकडे पाठवलं. हे मुकाट्यानं बाहेर गेले. सासूबाई अडल्या, "मी काहून जाऊ? सून माही आहे."

"म्हणूनच जा."

दार लागलं. त्यांनी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "आता बोल वं. काय लपवून राहिली?"

"काही नाही."

"तांबी?"

मी दाराकडे पाहिलं.

"दाराले काय पाहून राहिली? ते नाही सांगत कोणाले."

मी रडत रडत सगळं सांगितलं. अकरा वर्षं हा आकडा ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला. "शिकलेली ना तू? दुधाच्या थैलीवरची तारीख तरी पाहतेस का?"

माझ्यासमोरच त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "तांबीचं विचारलं होतं का तिले?... फॉर्मवर नाही? फॉर्म भरला कोणी?... नवऱ्यानं! वा. सोमवार रद्द करा."

तांबी त्यांनी तिथंच काढली. ती आणि गाठीतून पुन्हा सुईनं घेतलेला पू तपासायला धाडला. लॅबवाल्याला दम दिला, "मले ज्याचा संशय आहे, तो जंतू आळशी आहे. दोन दिवसांत काही उगवलं नाही म्हणून फेकशील तर याद राख. चौदा दिवस ठेव." पुवात पिवळे बारीक कण निघाले, आणि त्यांत तोच जंतू. एरवी तोंडात, आतड्यात गरिबासारखा राहतो, जुन्या तांबीच्या आसऱ्यानं पोटात घर करतो आणि कॅन्सरचं सोंग आणतो. काही आठवडे शिरेतून पेनिसिलिन, मग कित्येक महिने गोळ्या. गाठ विरली. आतडं जागच्या जागी राहिलं.

घरी मी "जंतू झाले होते" एवढंच सांगितलं. सासूबाईंनी श्रेय सोमवारांना दिलं, मी मान डोलावली. शेवटपर्यंत त्या तसंच समजत राहिल्या. हाकलबाई मात्र दर तपासणीला विचारत, "सांगितलं नवऱ्याले?"

"नाही."

"पोट साफ केलं मी तुझं. अक्कल कोण साफ करेल?"

पुढे मी आजी झाले, तरी भाजीबाजारात दिसले की लांबूनच भुवया उडवायच्या. मी मान हलवायची. त्या तोंड फिरवून वांगी निवडायला लागायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यानंतर मला असं तुच्छतेनं बघणारं कुणी उरलं नाही, आणि त्याचीच चुटपुट लागली.

म्हणून हे लिहिलं. छापायला धाडण्याआधी दोन प्रती हव्यात, म्हणून यांनाच झेरॉक्सला पाठवलं आहे. कागद पाकिटात घातले नाहीत, उघडेच दिले. दुकानात शनिवारी हमखास रांग असते, रांग असली की हे हातात येईल ते वाचत बसतात, आणि आज शनिवार आहे.