वानखडे सरांच्या विश्वासातला माणूस

एस.टी.त चढण्याआधी वानखडे सर पाटी वाचत. मग कंडक्टरला विचारत. तेवढ्यानं भागत नसे, पुढं जाऊन, टाचा उंचावून ड्रायव्हरला वेगळं विचारत, "परतवाड्याचीच ना?" मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हसू नोको मधू. पाटी आन कंडक्टर मिळालेले असू शकतात."

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, तिथं प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती. संत्री घेताना ते एक फोडून, चाखून मगच भाव विचारत. दूधवाल्याच्या मापात आपलं बोट घालून खोली बघत. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून पाहत. घरी वहिनींनी भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी आधी चमच्यानं चव. वहिनी म्हणत, "लगन कसं काय केलं यायनं, देव जाने!" त्यावर सर शांतपणे म्हणत, "दोनदा येऊन पाह्यलं होतं."

या माणसानं माझ्यावर मात्र विश्वास ठेवला. का, तर पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक महागडी काचेची नळी फुटली आणि मी आपण होऊन जाऊन सांगितलं. खरं म्हणजे शिपायानं पाहिलं होतं, म्हणून सांगितलं. ते सरांना ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत, "या कॉलेजात खरं बोलनारा एकच हाये."

पासष्टच्या लढाईच्या आसपासची गोष्ट. प्रयोगशाळेत परदेशातून एक उपकरण आलं. खोक्यात त्याच्या चारी अंगांनी पांढरे ठोकळे होते, कापसासारखे हलके. आता त्याला सगळे थर्माकोल म्हणतात. तेव्हा आम्ही ते नाकाला लावून हुंगलं. सरांनी एक ठोकळा उचलला, दोन बोटांवर तोलला आणि म्हणाले, "याचं विमान होते."

पोरांना उडवायला शिकवता येईल असं, रेडिओवर चालणारं साधं विमान. विजेच्या शेगडीची तार ताणून, तापवून त्यांनी ठोकळ्यातून पंख कापला. लोण्यातून दोरा जावा तशी तार गेली. चिकटवायला काय वापरायचं यावर आठ दिवस संशय. पंक्चरच्या सोल्युशननं तुकडा विरघळून गेला. तेव्हा ठरली गव्हाच्या पिठाची खळ आणि वर खाकी कागद. पंख अंगाच्या वर बसवला, टोकं थोडी उचललेली, म्हणजे कलंडलं तर आपोआप सावरतं. पंख खिळ्यांनी ठोकला नाही, सायकलच्या ट्यूबच्या रिंगांनी बांधला. "पोरगं पाडनारच," ते म्हणाले. "पडलं तं पंख सुटून बाजूले झाला पायजे. मोडला नाई पायजे."

रेडिओचा भाग वहिनींच्या भावानं केला. नामदेवभाऊंचं अकोल्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दर रविवारी पहिल्या गाडीनं ते डबडं काखेत घेऊन येत. बहिणीच्या हातचं जेवत, मेव्हण्याचे टोमणे खात आणि संध्याकाळी परत. "भाऊजी, तुमी तं सोताच्या सावलीचीही पावती मागान," ते म्हणत. वहिनी आतून हसत. त्या दिवसांत ते घर फार भरल्यासारखं वाटे.

एकदा लांब एरियल पाहून पोलीस शिपाई आला. हे बिनतारी काय चाललंय म्हणाला. सरांनी त्याला उभा ठेवला. "तुमी पोलीसच कायवरून?" शिपाई बिचारा स्वतःच्या बिल्ल्याकडे बघायला लागला. शेवटी प्रिन्सिपॉलसाहेबांनी येऊन दोघांची ओळख करून दिली.

त्या यंत्राची एक गोष्ट सांगायला हवी. विमान पुढं ओढायला नाकावर एरंडेल मिसळलेल्या इंधनाचं छोटं इंजिन होतं. रेडिओ नुसता इशारा देई. शेपटीचं सुकाणू वळवायची ताकद विमानाच्या पोटातल्या एका पीळ दिलेल्या रबरात असे. प्रत्येक वळणाला थोडा पीळ सुटायचा. पीळ संपला की रेडिओ कितीही ओरडो, सुकाणू हलणार नाही. तो पीळ भरणं माझं काम.

उडवायच्या दिवशी चांदूर बाजारच्या रस्त्याला, गावाबाहेरच्या माळावर आम्ही जमलो. प्रिन्सिपॉल, पोरं, रोडगे-वांग्याची शिदोरी घेऊन वहिनी. सरांनी रिंगा ओढून पाहिल्या. पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहिला. नामदेवभाऊंना डबडं घेऊन दूर बांधापर्यंत पाठवलं आणि सुकाणू पुन्हा पुन्हा हलवून घेतलं. पीळ मी सकाळी घरीच भरला होता. या तपासणीत तो बराच उतरला असणार, हे माझ्या लक्षात आलं. पण पुन्हा भरायचा म्हणजे पोटाचं झाकण उघडा, कागद फाडा, परत चिकटवा. प्रिन्सिपॉल घड्याळ बघत होते.

"मधू, पीळ भरला?"

"हो सर."

जगात फक्त तेवढी एक गोष्ट त्यांनी स्वतः पाहिली नाही.

विमान एरंडेलाचा वास सोडत वर गेलं. पोरांनी टोप्या उडवल्या. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. मग नामदेवभाऊ बटण दाबत राहिले आणि ते पांढरं विमान सरळ, वाऱ्याबरोबर, पळसाच्या झाडांवरून लहान होत गेलं. पोरं धावली. सापडलं नाही.

सर माझ्याकडे वळले. "पीळ पुरा होता?"

"पुरा होता, सर."

"मंग नामदेव, तुयं डबडं खोटं. रेडिओचा जुना व्हाल्व टाकला तू."

"भाऊजी, तुमच्या डोयासमोर बांधापासून चालवून दाखवलं ना!"

"दाखवाले नवा, उडवाले जुना. दुकानदारच तू."

वहिनींनी पुढं केलेलं ताट तसंच ठेवून नामदेवभाऊ रस्त्याला लागले. सर पोरांदेखत म्हणाले, "आजपासून त्या घराचा अन् आपला संबंध नाई." पोरांपैकी निम्मी अकोल्याकडची. ती गोष्ट नामदेवभाऊंच्या दुकानापर्यंत त्यांच्या आधी पोचली असेल.

त्यानंतर वहिनींचं माहेर बंद झालं. भाऊबीज आली की त्या सकाळपासून भांडी घासत बसत, घासलेलीच. मी त्या घरी जेवत राहिलो. वहिनी आग्रहानं वाढत राहिल्या, आणि मी दरवेळी ठरवून जायचो, आज सांगू. भित्रा माणूस दुष्टापेक्षा जास्त जेवतो.

सर निवृत्त झाले, अंथरुणाला खिळले, तेव्हा कुठं सांगितलं. सगळं सांगितलं. ते औषधाची बाटली उजेडात धरून बघत होते. ती खाली ठेवून हसले.

"तुले हिनं पाठवलं."

"नाही सर. मी खरंच—"

"मधू, तुले खोटं बोलता येत नाई. मेव्हन्याचं पाप कावून आंगावर घेऊन राह्यला? तुया सभावच तसा."

मी शपथ घेतली. त्यांनी माझा हात थोपटला.

वहिनी दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. त्यांनी ट्रे खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अकोल्याची गाडी किती वाजता हाये?"

"कोठी चालली?" सर म्हणाले.

"माहेरी."

"मी काय सांगतलं होतं तुले?"

"तुमी सांगतलं होतं ते आयकलं इतके वर्स. आता यायनं सांगतलं, तेही आयकलं."

त्या लुगडं बदलून निघाल्या. माझा चहा तिथंच होता. तो प्यायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. कॉलेजात शोकसभा झाली. प्रिन्सिपॉल म्हणाले, वानखड्यांनी आयुष्यात कोणावर विश्वास ठेवला नाही, पण ज्या एकावर ठेवला तो आज आपल्यात बसला आहे. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वहिनी आणि नामदेवभाऊ पुढच्या सतरंजीवर शेजारी शेजारी बसले होते. त्या दोघांनी तेवढं वळून पाहिलं नाही.