मामांची बोट आणि तिच्याहून जड पेटी

नागपुरात समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या मामेसासऱ्यांना कोणी वेळेवर सांगितली नाही. आणि सांगितली असती तरी त्यांनी ती समुद्राची चूक मानली असती. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी उभा जन्म यंत्रं दुरुस्त करण्यात काढला. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, संत्र्याची बाग घेतात, निदान सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडतात. मामांनी गोव्याहून एक जुनी शिडाची बोट ट्रकवर घालून आणली आणि कुहीकडच्या एका तलावात सोडली. धानाच्या बांध्यांपलीकडे ते पांढरं शीड पहिल्यांदा उभं राहिलं, तेव्हा गावकऱ्यांना कुठल्या तरी पक्षाचा प्रचार सुरू झाला असं वाटलं.

पण मामांचा खरा जीव बोटीत नव्हता. बोटीतल्या हत्यारांच्या पेटीत होता. शीड फाटलं तर दाभण आणि मेण लावलेला दोरा, तळाला भोक पडलं तर पुट्टी, शिवाय पाने, पक्कड, पेचकस, लोखंड कापायची करवत, जाडजूड नट-बोल्ट, ग्रीसचा डबा आणि एक असा हातोडा, की तो पाहून बोटीनंच बिघडायचा विचार सोडून द्यावा. पेटी मागे ठेवली की बोटीचं नाक आभाळात जाई. पुढे ठेवली की बोट तलावाला नमस्कार घाली. शेवटी पेटी मधोमध बसली आणि माणसं कडेला लोंबकळू लागली. "मामा, एवढं कशाला?" असं मी एकदा विचारलं. "जावईबापू, प्लांटात मशीन बंद पडली तर स्टोअरात माणूस पाठवता येते. तलावात कोणाले पाठवता?" ते म्हणाले. मामींनी मात्र आधीच बजावून ठेवलं होतं: "एकदा जरी पाण्यात बंद पडली, तर बोट विकाची. मंजूर?" मामांनी मान डोलावली होती. त्यांचा पेटीवर विश्वास होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी मामी पहिल्यांदा आम्हा दोघांबरोबर बोटीत बसल्या. वारा मस्त होता, मामा टोपी सावरत कप्तानासारखे ओरडत होते, आणि नेमका तेव्हाच सुकाणूचा बोल्ट तुटला. बोट जागच्या जागी गरगर फिरू लागली. "झालं," मामी शांतपणे म्हणाल्या, "विका आता." मामांचा चेहरा असा उतरला की मला हसूही येईना. तेवढ्यात बोट कलली आणि मी पाण्यात पडलो. बुडतो म्हणून ओरडलो, आणि पाय टेकले. पाणी जेमतेम छातीपर्यंत होतं.

"उभेच आहात तर बोट धरा जरा," मामा म्हणाले.

मग ते पालथे पडले आणि मागे न बघता मामींकडे हात करू लागले. "पाना दे. हा नाही वं, लहान." नवा बोल्ट लांब निघाला; तो त्यांनी कापला. नट पाण्यात पडला, दुसरा लावला. मी थंडीनं दात वाजवत होतो, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मामी पेटीतून एकेक वस्तू काढून देत होत्या आणि एकटक मामांच्या हातांकडे बघत होत्या. आख्ख्या संसारात त्यांनी फक्त जाणारा डबा आणि काळा होऊन येणारा शर्ट पाहिला होता.

"तिथं असंच करत होते का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"तिथं गरम राहे," मामा म्हणाले.

सुकाणू वळलं. काठाला लागेपर्यंत मामा निकालाची वाट बघत होते. उतरताना मामी म्हणाल्या, "पुढच्या वेळी पोहे आणू की उपमा?"

गेल्या हिवाळ्यापासून मामांचे हात थरथरतात. शीड मी ओढतो, सुकाणू मामी धरतात आणि मामा मधे बसून बोटीत कुठं काही कुरकुरतं का ते ऐकत राहतात. परवा काहीच कुरकुरलं नाही. काठाला आलो तेव्हा ते पेटीचं झाकण नुसतंच उघडत-मिटत होते. मामींनी माझ्याकडे पाहिलं, दोरीच्या कप्पीचा एक स्क्रू हळूच सैल केला आणि हाक मारली, "अहो, हा ढिला लागून राहिला मले. बघा बरं."

मामांनी पेचकस घेतला. तो स्क्रूवर बसेना, घसरत राहिला. मामा पुन्हा पुन्हा लावत राहिले. ऊन उतरलं तरी आम्हा दोघांपैकी कोणी मदतीला हात पुढे केला नाही.